पासंग

लिफ्टच्या दाराला पुठ्ठा लटकत होता आणि त्यावर कुणीतरी जाड अक्षरात ‘बंद’ असं लिहिलं होतं. काटेवाल्याला त्याचं विशेष काही वाटलं नाही. लिफ्ट अधूनमधून आजारी पडायचीच, आणि माणसं कुरकुरत का होईना जिना चढायची. त्याच्या खांद्यावर तपासणीच्या वजनांची पिशवी होती, दिवसभर ती खांद्याला काचत होती, म्हणून ती त्याने खाली चौकीदाराच्या खोलीत ठेवली आणि मोकळ्या हातांनी वर निघाला. पहिल्याच वळणावर त्याची मुलगी पायरीवर बसलेली दिसली. शाळेचं दप्तर मांडीवर, अंगात लोकरीचा स्वेटर, भर उन्हाळ्यात. “तू हो पुढे,” ती म्हणाली, “मी बूट बांधतेय.” बुटांच्या नाड्या बांधलेल्याच होत्या. तो हसला आणि तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसला. “चला तोळाबाई, हमाल फुकट आहे आज.” ती नाहीच म्हणणार असं त्याने धरलं होतं. गेली दोन-तीन वर्षं ती अशा गोष्टींना नाहीच म्हणत होती, किंवा खरं सांगायचं तर त्याने विचारलंच नव्हतं. पण तिने दप्तर पाठीला अडकवलं आणि हात त्याच्या गळ्याभोवती टाकले. हात गार होते. त्याने तिच्या गुडघ्यांखाली तळवे घातले, चौदा वर्षांची मुलगी उचलायची म्हणून दम धरला, कंबर सावरली आणि जोर करून उठला, तो पुढेच तोल गेला. भरलेली समजून रिकामी बादली उचलावी, तसं झालं. भिंतीला हात टेकला म्हणून दोघं वाचली. “बाबा, काय करतोस,” ती कानाशी म्हणाली. “काही नाही गं, पाय घसरला,” तो म्हणाला आणि चढू लागला.

काटेवाला हे त्याला सगळी वस्तीच म्हणायची. दुकानदारांचे, वखारवाल्यांचे, दवाखान्यांचे वजनकाटे दुरुस्त करायचे, तपासायचे, खोटे असले तर तोंडावर सांगायचं, हा त्याचा धंदा. अशा माणसाच्या हातात काय असतं हे त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. गॅसची टाकी उचलली की तिच्यात किती उरलंय ते मनगट सांगे. नात्यातल्या कुणाचं बाळ मांडीवर दिलं की तो आकडा सांगे, सगळे हसत, मग कुणीतरी बाळाला काट्यावर घाली आणि आकडा तोच निघे. डोकं काही म्हणण्याआधी मनगट बोलून मोकळं होई. आताही जिना चढता चढता मनगटाने आकडा सांगून टाकला होता, आणि तो आकडा रविवारच्या आकड्याशी जुळत नव्हता, जवळपासही नव्हता. दर रविवारी सकाळी तो तिला घरातल्या काट्यावर उभी करत होता. आकडा वाढत होता. डॉक्टरीणबाईंना फोन करून तो अभिमानाने सांगत होता. गेल्या रविवारी त्याची बायको स्वयंपाकघरात तोंड फिरवून सुखाने रडली होती. मग ही पाठीवर कोण आहे, असं त्याच्या मनात आलं. तिच्या गुडघ्यांची हाडं तळव्यांना टोचत होती. त्याने मनगटावर अविश्वास दाखवला. वय झालं आता, दिवसभर वजनं उचलून हात बधिर झालेत, दप्तर तिने पायरीवर ठेवलं असेल. दप्तर तिच्या पाठीवरच होतं, चालताना आतला कंपास वाजत होता. म्हणजे आकड्यातून दप्तरही वजा करायचं. त्याने वजा केलं नाही. दारापाशी तिला उतरवलं, ती “थँक्यू हमाल” म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तो म्हणाला, “पिशवी खाली राहिली,” जणू कुणी विचारलं होतं, आणि पुन्हा जिना उतरू लागला.

उतरताना त्याला आठवलं की तिला शेवटचं त्याने कधी उचललं होतं. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असेल. शाळा सुटली की त्याच्या काटेदुरुस्तीच्या कारखान्यात यायची आणि मोठ्या काट्यावर मांडी घालून बसायची. ती त्याची चालतीबोलती वजनपेटी होती. काटा दुरुस्त झाला की “तोळाबाई, बसा” म्हणायचं, ती बसायची, आकडा ठरलेला यायचा, मग उचलून खाली ठेवायचं. जन्मली तेव्हा इतकी किरकोळ होती की तिला तोळाबाई हे नाव पडलं, पुढे ती चांगली गुटगुटीत झाली तरी नाव सुटलं नाही. तिथेच तिने त्याची सगळी विद्या उचलली. दुकानदार पारड्याखाली काय चिकटवतात, दांडी कशी मारतात, पासंगात, म्हणजे तोल साधायला लावलेल्या भारात, काय दडवतात, हे तो तिला गोष्टीसारखं सांगायचा, आणि ती राक्षसाच्या गोष्टी ऐकाव्यात तशी डोळे मोठे करून ऐकायची. “शून्य बघून खूश व्हायचं नाही,” तो सांगायचा. “शून्य सगळेच बरोबर ठेवतात. भार टाकून बघायचं.” मग एका दुपारी एक गिऱ्हाईक बसलं होतं, ती काट्यावर होती, त्याने तिला उचललं आणि कमरेला हात लावून कण्हल्यासारखं केलं. “संपली बुवा हमाली. ही आता जड झाली, हिला उचलायला क्रेन लागेल.” गिऱ्हाईक हसलं. तीही हसली. तिने फ्रॉक खाली ओढला आणि बाकावर जाऊन बसली. एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की अशा आजाराला एक कारण नसतं, कारण शोधत बसू नका, स्वतःला दोष देऊ नका. त्यांचं बरोबरच असणार. पण त्या दुपारचं ते फ्रॉक ओढणं त्याला चौकीदाराच्या खोलीपर्यंत दिसत राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती मोठी झाली. एका सकाळी बायकोने न्हाणीघराचं दार आतून लावलं, आतून कुजबुज ऐकू आली, मग दाराच्या फटीतून बायको म्हणाली, “अहो, दुकानातून पॅड आणा, आणि तिला काही विचारू नका.” त्याने आणले. कुठले आणायचे ते न कळून सगळ्यात मोठं पाकीट आणलं. तिला काही विचारलं नाही. तेव्हा, नंतर, कधीच नाही. आपली मुलगी वाढते आहे, तिला तिची जागा दिली पाहिजे, असं त्याला मनापासून वाटलं. म्हणून तो दारावर टकटक करू लागला. रस्त्याने चालताना तिच्या खांद्यावर हात असायचा, तो काढून खिशात घातला. टीव्ही बघताना ती त्याच्या पोटावर डोकं ठेवायची, तर तो उठून खुर्चीत बसू लागला. कुणी त्याला असं सांगितलं नव्हतं. बाप म्हणून असंच करायचं असतं, एवढं त्याला कुठूनतरी कळलं होतं. तो अदबीने एक पाऊल मागे सरकला, मग आणखी एक, आणि सरकतच राहिला. त्या वेळी तिलाही काय काय होत असेल. अंग दुखत असेल, कपडे तोकडे होत असतील, तोंडावर पुटकुळ्या आल्या म्हणून ती आरशाकडे पाठ करून दात घासायची हे त्याने पाहिलं होतं आणि त्यावर एक विनोदही केला होता. मग ती भात सोडू लागली. मग दूध. मग मैत्रिणीकडे खाऊन आले म्हणू लागली. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची, दिवसभर लोकांचे आजार ऐकायची, तिच्याच ते आधी लक्षात आलं. “हिचं बंद झालंय,” ती एकदा म्हणाली. “काय बंद झालंय?” त्याने विचारलं, आणि तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. आवाज न चढवता बोलायच्या. दर आठवड्याला दवाखान्यात येऊन वजन करा म्हणाल्या. पोरगी तिथे काट्यावरून उतरली की घरी येईपर्यंत गाडीत रडत राहायची. तेव्हा तो म्हणाला, बाई, हे काम माझ्यावर सोपवा, माझ्या घरी काटा आहे, तुमच्या दवाखान्यातल्या काट्यापेक्षा खरा. बाईंनी जरा विचार केला. बरं म्हणाल्या. पण तिला पाठमोरी उभी करायची, आकडा तिला दिसू द्यायचा नाही, तिच्यासमोर बोलायचा नाही, वाढला म्हणून शाब्बासही म्हणायचं नाही. त्याने मान डोलावली. एका बंद पडलेल्या दवाखान्यातून आणलेला तो जुना उभा काटा त्याने स्वतः घासूनपुसून लखलखीत केला होता. छातीच्या उंचीला लोखंडी दांडी, तिच्यावर सरकणारं ओंजळीएवढं वजन. माणूस जितका भारी तितकं ते वजन पुढे सरकवायचं, दांडी आडवी झाली की आकडा वाचायचा. सुरुवातीचे काही रविवार तो नियमाने वागला. मग एका रविवारी ती म्हणाली, “बाबा, मला पण बघू दे ना. दांडी कशी हलते ते.” किती दिवसांनी ती त्याच्या कामाबद्दल काही बोलली होती. तो विरघळला. तिला दाखवलं. मग ती म्हणाली, “दांडीला तेल घालायला झालंय, मी घालते,” आणि त्याने हत्यारांची पेटी तिच्यापुढे ठेवली, बायकोला हळूच म्हणाला, “बघ, येतेय ताळ्यावर.” पुढच्या रविवारी आकडा वाढला. त्याच्या पुढच्या रविवारीही. शाब्बास म्हटल्यावाचून त्याला राहवलं नाही. बायकोने तिचा डबा उघडून बघणं सोडलं. जेवताना तिच्या ताटाकडे टक लावून बसणं दोघांनी सोडलं. घरात पुन्हा रेडिओ लागू लागला.

पिशवी खांद्यावर घेऊन तो वर आला तेव्हा तिच्या खोलीचं दार तसंच बंद होतं. मागच्या बाल्कनीत काटा उभा होता. त्याने आधी शून्य बघितलं. दांडी आडवी, निश्चल, कुणीही शाबासकी द्यावी अशी. एक क्षण त्याला वाटलं की पिशवी उघडूच नये. मनगट चुकलं म्हणावं, चहा टाकावा. इतके रविवार गेले, स्वतःच्या घरातल्या काट्यावर त्याने तपासणीचं वजन एकदाही ठेवलं नव्हतं. परक्याच्या दुकानात पाय ठेवला की पहिलं काम तेच, आणि इथे मात्र नाही, कारण तसं केलं असतं तर पोरीवर संशय घेतल्यासारखं झालं असतं. त्याने पिशवीतली पितळी वजनं एकेक करून काट्याच्या पाटावर ठेवली आणि दांडीवरचं वजन सरकवत गेला. ते थांबेना. जिथे थांबायला हवं तिथून ते पुढे गेलं, आणखी पुढे गेलं, आणि मग दांडी आडवी झाली. त्याने ते सरकतं वजन दांडीवरून काढलं, उलटं केलं. बुडाशी शिसं भरलेलं असतं, त्यावर त्याच्या ठशाची खूण असते. शिसं कोरून काढलेलं होतं. त्या पोकळीत मेण भरून वर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी चोळली होती, रंग इतका हुबेहूब जुळवला होता की बोटाने दाबल्याशिवाय कळू नये. वजन हलकं झालं की तेवढ्याच भाराला ते जास्त पुढे न्यावं लागतं, आणि आकडा फुगतो. शून्य सरकू नये म्हणून मागचा पासंगाचा स्क्रू तेवढाच फिरवला होता. भल्याभल्या वखारवाल्यांना इतकी सफाई जमत नाही. हात चांगला बसलाय, असं त्याच्या मनात आलं, आणि ते आल्याची त्याला किळस वाटली.

“तेल घालतोयस?” ती दारात उभी होती. स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढलेल्या. त्याच्या तळहातावर ते वजन उलटं पडलेलं तिला दिसत होतं. ती पळाली नाही. भिंतीला पाठ लावून हळूच खाली बसली, म्हातारी माणसं बसतात तशी, आधी एक हात टेकून.

“कशाने कोरलंस?” त्याच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला.

“तुझ्या लहान छिन्नीने.”

“एकदम?”

“नाही. थोडं थोडं. दर आठवड्याला. एकदम वाढलं असतं तर तुला कळलं असतं.”

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. बाल्कनीच्या गजांतून तिच्यावर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात तिच्या गालांवरची बारीक लव दिसत होती, जी आधी नव्हती. तो तिच्याकडे बघत राहिला. इतके रविवार तो दांडीकडे बघत आला होता. समोर मुलगी उभी असायची आणि हा दांडीकडे बघायचा, नजर इकडेतिकडे जाऊ नये म्हणून, ती संकोचू नये म्हणून, आणि ते त्याला चांगलं वागणं वाटत होतं. का केलंस असं विचारावं, तर त्याचं उत्तर तिला तरी माहीत असेल का. तीच बोलली.

“तुम्ही दोघं सारखे माझ्याकडे बघत बसायचात. जेवताना. घास मोजल्यासारखे. मला वाटलं, आकडा वाढला की बघायचे थांबाल.”

“थांबलो.”

“हो. थांबलात.”

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. ती नखाने फरशीची भेग कोरत होती.

“पण मग मला तो आकडा दिसायचा,” ती म्हणाली.

“तो खोटा होता की. तूच केला होतास खोटा.”

“माहीत होतं. तरी दिसायचा ना, बाबा. तू शाब्बास म्हणायचास, आई मिठी मारायची. सगळे म्हणायचे वाढली, वाढली. आधी मी मनातल्या मनात वजा करायचे. मग किती वजा करायचं तेच कळेना. मी दर वेळी किती कोरलं ते कुठे माहीत होतं मला. आरशात बघितलं तर मी तेवढीच दिसायचे. आकड्याएवढी.”

“मग?”

“मग काय. मग आणखी कमी खाल्लं.”

त्याला पटकन काही समजलंच नाही. मग समजलं. तिने काटा त्याच्यासाठी खोटा केला होता, आणि त्या काट्याने तिलाच गाठलं होतं. दर रविवारी आकडा वर जात होता, तो खूश होत होता, आणि ती त्याच आकड्याच्या धास्तीने आठवडाभर स्वतःला उपाशी मारत होती, पुढच्या रविवारी पुन्हा वर गेलेला आकडा बघायला. या घरात खरं वजन कुणालाच माहीत नव्हतं, तिलासुद्धा नाही. आणि तो, ज्याला ते एका हिसक्यात कळायला हवं होतं, त्याने आपले हात इतकी वर्षं खिशात घालून ठेवले होते. त्याला रडू आलं. तिच्यासमोर तो कधी रडला नव्हता, आताही आवाज निघाला नाही, नुसतं नाक वाहू लागलं आणि त्याने ते बाहीला पुसलं.

“खरं किती आहे?” तिने विचारलं. तिचा आवाज एकदम धीट झाला होता, डोळे चमकत होते. ते चमकणं त्याला आवडलं नाही. पाटावर वजनं तशीच होती, दोन मिनिटांत हिशेब निघाला असता. तसा तो जिन्यातच निघाला होता. त्याने उलटं वजन शर्टाच्या खिशात टाकलं.

“सांग ना. बाबा, सांग ना किती आहे.”

“मला काय माहीत. काटा मोडलाय.”

त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई एरवी सावकाश बोलायच्या, आज त्यांनी मधेच तोडलं. चक्कर येते का, छातीत धडधडतं का, हात गार आहेत का. त्याने तिला विचारलं, तिने मान हलवली, तसं त्याने हो म्हटलं, हो म्हटलं, हो म्हटलं. “आत्ताच्या आत्ता घेऊन या,” त्या म्हणाल्या. “ठेवून घ्यावं लागेल. आणि तिला चालवू नका. जिना तर अजिबात नाही.” मग त्याने बायकोला दुकानात फोन लावला. मागे गिऱ्हाइकांचा गलका होता. तो म्हणाला, आहेस तशी ये, दवाखान्यात ये. ती म्हणाली, “अहो, पण रविवारीच तर वाढलं होतं ना?”

“काटा खोटा होता.”

“कुणाचा काटा?”

“आपला.”

मागे कुणीतरी तिच्याकडे खोकल्याचं औषध मागत होतं, पुन्हा पुन्हा मागत होतं.

खोलीत जाऊन त्याने तिचे दोन कपडे पिशवीत भरले. हातात आले ते. कुठले घ्यायचे ते त्याला माहीत नव्हतं, मोठं पाकीट आणलं होतं त्या दिवसासारखंच. कपाटाच्या तळाशी शाळेचे जुने मोजे होते, त्यांत काहीतरी टणक लागलं, शिशाचे कोरलेले तुकडे असावेत, त्याने उघडून बघितलं नाही. परत आला तर ती तशीच भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. ओठ निळसर दिसत होते. मला नाही जायचं, असं ती म्हणाली. तिथे नळी घालतात, असं म्हणाली. तू सांगू नकोस ना त्यांना, आपण दोघं नीट करू या काटा, मी शिसं ओतते, मला येतं ओतायला, तूच शिकवलंय. तिचं बोलणं संपेपर्यंत तो ऐकत राहिला, आणि मग तिच्याकडे पाठ न करता, समोरून, एक हात पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून त्याने तिला उचललं. या वेळी त्याने कंबर सावरली नाही, दम धरला नाही. तिने एकदा पाय झाडले. त्यात जोर नव्हता. मग तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं आणि तिथेच राहिलं.

बाल्कनीतल्या उन्हातून आल्यावर जिना अंधारा वाटत होता. तो पायरी चाचपत, कडेकडेने उतरत होता. खिशातलं ते पोकळ वजन दोघांच्या मध्ये अडकलं होतं आणि तिच्या बरगडीला लागत असणार, पण ते काढायला हात मोकळा नव्हता. एका वळणावर शेजारीण भाजीची पिशवी घेऊन चढत होती, ती भिंतीला चिकटून उभी राहिली. “काय झालं हो?” त्याने मान हलवली. खालच्या मजल्यापाशी त्याच्या मानेजवळ मुलगी पुटपुटली. आधी त्याला ऐकूच आलं नाही, तो थांबला.

“जड झाले ना मी?”

तिने डोळे उघडले नव्हते. हा प्रश्न जन्मभर लोकांनी त्याला विचारला होता, पोत्यांबद्दल, टाक्यांबद्दल, दुसऱ्यांच्या बाळांबद्दल, आणि त्याने दर वेळी न अडखळता उत्तर दिलं होतं. आताही उत्तर त्याच्या दोन्ही हातांवर होतं. नाही म्हणावं, तर ती मनातून हसेल आणि तेवढ्या सुखाने आणखी चार घास टाळेल. हो म्हणावं, तर त्या दुपारी काट्यावरून उतरून फ्रॉक खाली ओढणारी पोर पुन्हा बाकावर जाऊन बसेल. खरं बोलावं की खोटं, दोन्हींचं वजन तिच्याच बाजूला पडणार होतं. त्याने तिला जरा वर सरकवून घेतलं.

“घट्ट धर,” तो म्हणाला.

तिने धरलं की नाही ते त्याला मानेवर नीट कळेना. तो पुढची पायरी उतरला.